पायऱ्यांना तडे नव्हते

आमच्या गावातली खेळवेडी म्हातारी मंडळी अजून रोज संध्याकाळी एकत्र बसतात. पूर्वी ती स्टेडियमच्या पायरीवर बसायची. आता स्टेडियम नाही, तिथे मालट्रकांचा तळ आहे. तळाच्या कडेला चहाची टपरी आहे आणि टपरीसमोर कुणीतरी टाकून दिलेला सिमेंटचा मोठा पाइप आहे, त्यावर बसतात. बसण्याचा क्रम तोच. मधोमध नागनाथअण्णा, कारण आमच्याकडे आडत दुकान असलेला माणूस कुठेही गेला तरी मधोमधच बसतो. बोलणंही तेच. खो-खोच्या डावात शेवटच्या मिनिटाला कुणी खांबावर गडी मारला, हैदराबादकडे निघालेले ट्रकवाले गाड्या रस्त्याला लावून कसे भिंतीवर चढले, एसटीच्या कंडक्टरने ‘डाव संपू द्या’ म्हणत गाडी कशी थांबवून धरली. शाळा सुटल्यावर माझा रस्ता तिथूनच जातो. “बाई, बसा की जरा,” असं अण्णा रोज म्हणतात. मी घाई आहे असं सांगून पुढे जाते. घाई कसली, घरी मांजरसुद्धा वाट बघत नसतं.

या मंडळींच्या गप्पांत एक माणूस दर दोन वाक्यांनी येतो. खाजामामू. त्यांचं नाव निघालं की माझे पाय आपोआप भराभर पडायला लागतात.

उमरग्याच्या अलीकडे, महामार्गाला लागून आमचं गाव. स्टेडियम म्हणजे फार काही मोठं समजू नका. तीन बाजूंना काळ्या दगडाच्या पायऱ्या, चौथ्या बाजूला पत्र्याचं छप्पर असलेला ओटा आणि मध्ये लाल मातीचं मैदान. आमच्या आजोबांच्या पिढीने श्रमदानातून बांधलेलं. ज्याच्या घरी बैलगाडी होती त्याने दगड वाहिला, ज्याच्या घरी नव्हती त्याने पाठीवर वाहिला, आणि दोघांच्या नातवंडांनी पुढे पायरीच्या जागेवरून भांडणं केली. कबड्डी झाली, कुस्त्या झाल्या, पण गावाचा जीव खो-खोवर. आमच्याकडे पोर चालायला लागलं की आधी पळतं, आणि पळता पळता वळतं.

खाजामामूंचं एसटी स्टँडशेजारी लाउडस्पीकरचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लाकडी खोका, त्यात दोन कर्णे, एक जुना अॅम्प्लिफायर आणि वायरींची भेंडोळी. लग्न, उरूस, गणपती, हरवलेली म्हैस, नळाला पाणी कधी सुटणार, सगळं गावाला त्यांच्या आवाजातून कळायचं. बांधा लहानखुरा, दाढी मेंदीने लाल केलेली आणि भर उन्हाळ्यातही गळ्याला मफलर. थंड पाणी पीत नसत, लोणच्याला हात लावत नसत. कुणी आग्रह केला तर गळ्याला हात लावून म्हणत, “नक्को बाबा. ह्यो घसा माझा न्हाय, गावचा हाय.”

सामना असला की मामू बोलावण्याची वाट बघत नसत. सकाळीच कर्णे खांद्यावर टाकून हजर. माईक चालू झाला की नाही हे बघायला सगळं जग ‘हॅलो, हॅलो’ करतं. मामूंनी ते कधी केलं नाही. पायरीवर जो कुणी दिसेल त्याची ते माईकवरून विचारपूस करत. “अण्णा, गुडघा कसा हाय?” अण्णा तिथूनच ओरडत, “दुखतुया!” आणि हे उत्तर मामूंना ऐकू आलं की माईकही चांगला आणि अण्णाही चांगला, असं समजून ते पुढचं काम सुरू करत. सीमेपलीकडून कर्नाटकातले संघ यायचे. त्यांची गाडी फाटकातून आत शिरली रे शिरली की “बर्री, कूत्कोळ्री!” या, बसा. मामूंना कानडी तेवढंच येत होतं असा माझा अंदाज आहे. पण ते असं काही म्हणत की पाहुण्यांना वाटावं, आपण मावशीकडे आलो.

आणखी एक खोड होती. ‘हरला’ हा शब्द त्यांनी माईकवर कधी उच्चारला नाही. जिंकलेल्या संघाचं नाव घेत आणि दुसऱ्या संघाकडे वळून म्हणत, “तुमचे दोन गुण आमच्याकडं राहिलेत. फुडच्या बारीला येऊन घेऊन जावा.” हे ऐकून रडवेली पोरं हसायची. मी स्वतः तशी दोनदा हसले आहे.

पण गोड बोलणारा माणूस म्हणजे गुळमुळीत माणूस, असा कुणी समज करून घेऊ नये. खोटं बोलायला त्यांचा घसा तयारच नसे. एकदा एका मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते स्पर्धेचं उद्घाटन होतं. अकराची वेळ दिलेली, एक वाजला तरी पाहुण्यांचा पत्ता नाही. आयोजकांपैकी एकजण दर दहा मिनिटांनी मामूंच्या कानाशी येऊन सांगायचा, “सांगा, साहेब गावात पोचलेत.” मामूंनी दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा त्यांनी माईक उचलला आणि शांतपणे सांगितलं, “मंडळी, पाहुणे अजून तुळजापुरातच हायत. आपापल्या घरी जाऊन निवांत जेवून या.” सगळं स्टेडियम उठून जेवायला गेलं. पाहुणे आले तेव्हा स्वागताला मामू, मैदान आखणारा माणूस आणि एक शेळी एवढेच हजर होते. आयोजक महिनाभर मामूंशी बोलला नाही. मामू म्हणाले, “म्या माईकवर एकदा खोटं बोललो, तर हरवलेली म्हैस बी कुणी शोधणार न्हाय.”

माझी आणि त्यांची ओळख त्याच मैदानावरची. मी शाळेच्या संघात होते. वडिलांना ते पसंत नव्हतं. आई चोरून बघायला यायची, तीही शेतातून परतताना, डोक्यावर गवताचा भारा घेऊन, भिंतीबाहेर उभी राहून. मामू मुलींच्या सामन्याला प्रत्येक मुलीचं नाव आईच्या नावाने पुकारत. त्या दिवशी त्यांनी पुकारलं, “शांताबाईंची सुनंदा!” आणि लगेच, “शांताबाई, भारा खाली ठेवा आन आत या. लेक पळतीया, भिंतीला काय दिसतंय?” सगळ्या पायऱ्यांनी मान वळवली. आई लाजून पळून जाईल असं मला वाटलं. ती आत आली, पहिल्या पायरीवर बसली आणि पुढे मी खेळत होते तोवर दर सामन्याला तिथेच बसली. वडिलांनी विचारलं तर सांगायची, “माईकवरनं बोलवलं होतं, जावं लागलं.” आमच्या घरात हे कारण चाललं.

मग किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या गावातली माती-दगडाची घरं निम्मी बसली, उरलेल्या घरांत शिरायची कुणाची छाती होईना. सगळं गाव स्टेडियममध्ये आलं. महिना सव्वा महिना आम्ही तिथे राहिलो. पायऱ्यांवर चुली, ओट्यावर बाळंतिणी, मैदानात ताडपत्र्या. मामू सकाळ-संध्याकाळ बॅटरीवर कर्णा चालवून नावं पुकारायचे. कोण कुठल्या गावाहून आलंय, कोण कुणाला शोधतंय. त्यांची स्वतःची बहीण तिकडच्या एका गावात होती. तिचं नाव त्यांनी सलग पाच दिवस पुकारलं. सहाव्या दिवशी पुकारलं नाही, आणि आम्हीही काही विचारलं नाही. जमीन अधूनमधून हलतच होती. प्रत्येक धक्क्यानंतर मामू हातात काठी घेऊन एकेक पायरी ठोकत सगळं स्टेडियम फिरायचे. आवाज ऐकायचे, सांध्यात बोट घालून बघायचे. मग माईकवर सांगायचे, “समद्या पायऱ्या बघितल्या. केसाएवढी चीर न्हाय. झोपा.” आणि लोक खरंच झोपायचे.

दोन-तीन आठवड्यांनी त्यांनी मैदानातली बिऱ्हाडं थोडी सरकवायला लावली आणि पोरांचा खो-खोचा एक डाव लावला. सुरू होण्याआधी म्हणाले, “आज टाळ्या नकोत. ज्यांच्या घरात मयत झालीय त्येबी इथंच हायत. नुसतं बघा.” टाळ्यांशिवाय झालेला तेवढा एकच सामना मी पाहिला. पोरांच्या पावलांचा आवाज यायचा, आणि ‘खो’. बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. अशा वेळी खेळ लावावा की नाही, यावर गावात नंतर वाद झाला. माझ्या आईचं म्हणणं एवढंच होतं की त्या दिवशी तिला पहिल्यांदा भूक लागली.

वर्षं गेली. मी डी.एड. करून गावातच शिक्षिका झाले, मुलींचा खो-खोचा संघ माझ्याकडे आला. आणि मग मला स्टेडियममध्ये काय काय नाही ते दिसायला लागलं. मुलींना कपडे बदलायला खोली नाही, संडास नाही, नळ नाही. पायऱ्यांवर छप्पर नाही. बाहेरच्या शाळांच्या मुली आमच्याकडे यायला कुरकुर करायच्या. पायरीवरच्या मंडळींनाही नवं स्टेडियम हवं होतं, दिवे असलेलं, नाव काढावं असं. अण्णांच्या पुढाकाराने आम्ही अर्ज करायला लागलो. दरवर्षी अर्ज. अर्ज जायचा आणि कुठेतरी झोपायचा.

शेवटी कार्यालयातल्या खाचाखोचा जाणणारा एक गृहस्थ अण्णांना भेटला. त्याने सांगितलं, ‘गैरसोयीचं’ लिहिलं की अर्ज तळाला जातो. ‘धोकादायक’ लिहा, बघा कसा पळतो. अण्णांना ते पटलं. सगळ्यांनाच पटलं. सगळ्यांत चांगलं अक्षर कुणाचं? बाईंचं.

तर मी लिहिलं. पायरीवरच बसून, मांडीवर वही घेऊन लिहिलं. ‘पायऱ्यांना ठिकठिकाणी तडे गेले असून केव्हाही दुर्घटना होऊन जीवितहानी होण्याची शक्यता आहे.’ लिहिताना मला अभिमानच वाटत होता. वाक्य सरकारी झालं होतं. सह्या भराभर झाल्या. ज्यांनी त्या पायऱ्यांवर जन्म काढला, त्यांनीच त्या पायऱ्यांवर कागद ठेवून सही केली. मग मी मामूंच्या दुकानात गेले.

मामूंनी चष्मा लावला आणि कागद हलक्या आवाजात, पण पुकारल्यासारखा, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग चष्मा काढला.

“तडे कुठं हायत, बेटी?”

“मामू, अर्जात तसं लिहावं लागतं.”

“चल, दाखीव.”

दुकान तसंच उघडं टाकून ते मला स्टेडियमवर घेऊन गेले. वय सत्तरीच्या पुढे, दम लागत होता. एकेक पायरी काठीने ठोकत आम्ही तिन्ही बाजू फिरलो. कोपऱ्यातल्या एका दगडाचा टवका उडाला होता, तेवढाच. तो त्यांनीच मला दाखवला. “ह्यो एक लिव्ह,” म्हणाले. “संडास न्हाय, लिव्ह. नळ न्हाय, लिव्ह. पोरी पिकात जात्यात, त्येबी लिव्ह, लाजू नको. पन पडंल असं लिव्हू नको, बेटी. ह्याच्यावर म्या समद्या गावाला झोपा म्हणून सांगितलंय.”

आता मला सगळ्यात जास्त ज्याची लाज वाटते ते सांगते. मला राग आला. एवढ्या सह्या झाल्या आणि हा एक माणूस अडून बसलाय, असं वाटलं. मी म्हणाले, “तुम्हाला काय, मामू, माईक हातात असला की झालं. तुम्हाला जुनंच बरं. पोरींचे हाल तुम्हाला कुठं सोसायचेत?”

ज्या माणसाने माझ्या आईला आत बोलावलं त्याला मी हे म्हणाले.

मामू काठीने पायरीवरचा पाचोळा बाजूला सारत राहिले. मग म्हणाले, “तुजं खरं हाय, पोरींचे हाल हायत.” आणि सही न करताच कागद माझ्या हातात देऊन हळूहळू खाली उतरले. त्यांच्या सहीवाचून काही अडणार नव्हतं, आणि अडलं नाही.

अर्ज खरंच पळाला. इतकी वर्षं न हललेलं काम चार-सहा महिन्यांत हललं. साहेब येऊन बघून गेले. बघून काय, ओट्यावर चहा घेतला आणि गेले. मग पत्र आलं. बांधकाम धोकादायक असल्याचं खुद्द नागरिकांनीच कळवलेलं आहे, सबब ते पाडण्यात येत आहे. नवीन क्रीडासंकुलाचा विचार योग्य जागा उपलब्ध झाल्यावर करण्यात येईल. ते पत्र घेऊन आम्ही कार्यालयात धावत गेलो. स्टेडियम भक्कम आहे, भूकंपात टिकलंय, असं अण्णा हात जोडून सांगत होते. समोरचा माणूस सभ्य होता. त्याने फाईल उघडून आमचाच अर्ज आमच्यापुढे ठेवला आणि विचारलं, “हे कुणी लिहिलंय?” माझं अक्षर वळणदार आहे, कुणालाही लगेच वाचता येतं.

परतीच्या एसटीत अण्णा फक्त एकदा म्हणाले, “बाई, तुमचा काय दोष न्हाय, आमी सांगितलं ते तुमी लिव्हलं.” ते खरंही होतं, पण त्याने मला बरं वाटलं नाही.

त्या दिवसांत मी मामूंच्या दुकानाकडे जायचं टाळायचे. बाजाराला जाताना मागच्या गल्लीने जायचे. काय म्हणायचं ते मनात जुळवत होते, पण जुळत नव्हतं. मामू अर्जाबद्दल कुणापाशी बोलले असतील तर माझ्या कानावर आलं नाही, आणि आमच्या गावात बोललेलं कानावर येतंच. लेक कर्नाटकातून येऊन त्यांना तिकडे घेऊन जाणार असल्याचं तेवढं कळलं. एकटे राहत होते, दमा वाढला होता. पाडकाम चालू असतानाच ती त्यांना घेऊन गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याची खबर आली. मशीनवाल्याने पाडायला दोन दिवस सांगितले होते, नऊ दिवस लागले. पायऱ्या सुटतच नव्हत्या. रोज गाव बघायला जमायचं आणि कुणी कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. निदान हे नऊ दिवस मामूंनी पुरते पाहिले नाहीत.

पण पाडकामाच्या आदल्या दिवशी ते गावातच होते. दवंडी द्यायला त्यांनाच सांगण्यात आलं, दुसरं होतं कोण. अण्णा दुकानात जाऊन म्हणाले, “मामू, तुमी हे पुकारू नका. दुसऱ्या कुणाला बी करू द्या.” पुढचं मला अण्णांनीच सांगितलं. मामू म्हणाले, “खोटं असतं तर न्हाय म्हणलो असतो, अण्णा. उद्या पाडणार हायत, हे खरं हाय. पोरं आत खेळत असत्यात, गुरं असत्यात. कुनीतरी सांगाया पायजे.”

रविवार होता. मी दारात गहू निवडत बसले होते. आधी बाजाराच्या बाजूने रिक्षावर बांधलेल्या कर्ण्यातून मामूंचा आवाज आला, मग मशिदीच्या कोपऱ्यावरून, मग मारुतीच्या पारापाशी. आवाज बसलेला होता, मध्ये खोकला येत होता, पण शब्दन् शब्द कळत होता. “उद्या सकाळी नऊपासनं आपलं स्टेडियम पाडायचं काम सुरू व्हनार हाय. लहान पोरांना तिकडं सोडू नका. गुरं बांधू नका.” दवंडीचा कागद मी नंतर अण्णांकडे पाहिला. त्यात पहिलाच शब्द ‘धोकादायक’ असा होता. मामूंनी तो गावभर कुठेच वाचला नाही.

रिक्षा आमच्या गल्लीकडे वळली तशी मी सुपातले गहू तसेच ठेवून उभी राहिले. आमची गल्ली आठ-दहा घरांची. तोंडाशी आल्यावर कर्णा बंद झाला. रिक्षा हळूहळू आत आली. मामू ड्रायव्हरच्या शेजारी अंग चोरून बसले होते, कागद गुडघ्यावर, माईक मुठीत, मफलर नेहमीसारखा. मी रस्त्यात आडवी गेले. इतके दिवस मनात घोकलेलं सगळं सांगायचं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

“मामू, आमच्या गल्लीत पुकारलं नाही तुम्ही?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मी पाय धरले असते. राग नव्हता.

“तुला ठावंच हाय की, बेटी,” ते म्हणाले.

मग त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला. रिक्षा पुढे गेली, आणि शेजारच्या गल्लीच्या तोंडाशी कर्णा पुन्हा सुरू झाला.